अर्थ सांगणाऱ्या रत्नाबाई

शहापूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत, भातगिरणीच्या अलीकडे, रत्नाबाई हरड यांचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत त्या राहतात आणि मागची खोली नर्सिंग शिकणाऱ्या एखाद्या मुलीला भाड्यानं देतात. मीही त्या खोलीत राहिले. मला मुलगी म्हणायचं ते आपलं म्हणायचं. माझी तिशी उलटली होती आणि धसईच्या पुढं आमच्या गावी सासू, नवरा आणि चौथीतली लेक काजल अशी तीन माणसं माझ्यावाचून दिवस काढत होती.

आज मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सकाळी देवासमोर हात जोडते तेव्हा आईवडिलांच्या मागोमाग रत्नाबाईंचं नाव तोंडात येतं. ते का येतं, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

रत्नाबाई दिसायला अगदी साध्या. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि पदराला सेफ्टी पिना. कुणी सिस्टर म्हणालं की म्हणतात, "रिटायर झाले आता, बाई म्हण." मूळच्या टोकावड्याच्या. वडील पंढरी हरड माळशेजच्या रस्त्यावर खडी फोडायच्या कामावर होते. बाईंची सगळी नोकरी शहापूर आणि मुरबाडच्या दवाखान्यांत गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुपारी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडायचे आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकीला "काय गो, कुठं निघालीस?" असं विचारायचं, ही त्यांची करमणूक.

मी बारावीपर्यंत शिकले ती मराठी शाळेत. लग्नानंतर गावात आशाताईचं काम केलं. गरोदर बायांना तपासणीला न्यायचं, बाळांच्या डोसाची आठवण करायची. त्या कामानं धीर आला आणि नर्सिंगला अर्ज केला. जागा मिळाली, पण पुस्तकं सगळी इंग्रजीत. वर्गात मॅडम बोलायच्या तेव्हा मी मान हलवायची. मान हलवून पहिलं वर्ष गेलं आणि शरीराच्या रचनेच्या विषयात मी नापास झाले.

आमच्या सासूबाई धोंडीबाई बोलायला कमी, पण बोलल्या की फिरवत नाहीत. मी त्यांना आई म्हणते. त्या म्हणाल्या, "एक डाव बसलीस, नाय झालं. अजून एक डाव बस. आता नाय झालं तं घरी ये. लावणीला मानूस मिळत नाय गो, मी एकटी किती पुरनार?"

त्यात राग नव्हता. खरंच त्या पुरत नव्हत्या. म्हणजे माझ्या हातात एक परीक्षा उरली होती. ती गेली की मी पुन्हा चिखलात, आणि आशाताई म्हणून पुन्हा दुसऱ्या नर्सच्या मागं मागं.

मग मी माझ्या अकलेनं एक उपाय काढला. कॉलेजातल्या एका मुलीची जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी मागून आणली आणि तिचं पारायण लावलं.

यात हसण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा खरंच वाटलं नाही. श्रावणात आमच्या घरी पोथी लागते. आंघोळ करून पाटावर बसायचं, ठरलेली पानं वाचायची, मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही. श्रद्धेनं वाचलं की पदरात पडतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मी डिक्शनरी लाल कापडात गुंडाळली, पाटासमोर स्टूल ठेवून त्यावर मांडली, उदबत्ती लावली आणि परीक्षेच्या आत समाप्ती करायची असा संकल्प सोडला. रोज सकाळी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर शब्द आला अबॅन्डन, म्हणजे सोडून देणे.

रत्नाबाईंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जात होतं. पहिले काही दिवस त्या काही बोलल्या नाहीत. मग एके सकाळी माझी पानं वाचून झाली आणि मी कापड बांधायला घेतलं, तर त्या दारात उभ्या. पोथी मध्ये तोडायची नसते म्हणून थांबल्या होत्या.

"आज कुठला अध्याय झाला?"

"बी चालू आहे, बाई."

"काय सांगितलंय आजच्या अध्यायात?"

मी डोकं खाजवलं. इतकी पानं वाचलेली, पण एक शब्द धड आठवेना. त्या आत येऊन खाटेवर बसल्या.

"पुस्तक पहिल्याच पानावर सोडून दे म्हणालं, तरी तू सोडलं नाहीस. चिकट आहेस, हे चांगलंय. पण मला सांग, तुमच्याकडे पोथी लागते तेव्हा एकटा वाचणाराच बसतो का?"

"नाही. एक वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो."

"मग तुझा अर्थ सांगणारा कुठाय?"

आमच्याकडे तशीच रीत आहे. वाचणाऱ्यानं एक ओवी वाचायची आणि थांबायचं. शेजारी जाणता माणूस बसतो तो घरच्या भाषेत अर्थ सांगतो, शेताचे, सासुरवाशिणीचे दाखले देतो. मग बाया माना डोलावतात आणि वाचणारा पुढं जातो. अर्थ सांगणारा आला नाही तर त्या दिवशी पोथीच थांबते.

"उद्यापासून वाच तू," रत्नाबाई म्हणाल्या, "अर्थ मी सांगते. पण हे बाड नको. तुझं शिकायचं पुस्तक आण."

तेव्हापासून सकाळी दोन पाट मांडले जाऊ लागले. उदबत्ती मी बंद करणार होते, तर बाई म्हणाल्या, "असू दे, वास चांगला येतो."

त्यांची पद्धत अशी. मी पुस्तकातली एक ओळ वाचायची. अवघड शब्द आला की थांबायचं. मग त्या विचारायच्या, "हिचं माहेर कुठलं?" नवी सून गावात आली की आपण बाया पहिलं तेच विचारतो ना, तसं. इंग्रजीतले पुष्कळ मोठे शब्द लॅटिनच्या घरचे, तिथून दिलेले. माहेर कळलं की तिच्या बहिणीही ओळखता येतात.

एकदा 'रिपोर्ट' आला. मी म्हटलं, "हा तर येतो मला."

"काय येतो?"

"रक्ताचा रिपोर्ट. कागद."

"कागद नव्हे. पोर्ट म्हणजे वाहून नेणं. री म्हणजे परत. परत वाहून आणलेली बातमी, तो रिपोर्ट. आता स्टेशनवर ओझं वाहणाऱ्याला काय म्हणतात?"

"पोर्टर."

"एसटीतल्या टीचं लांब नाव काय?"

"ट्रान्सपोर्ट." आणि एकदम माझ्या लक्षात आलं. मुरबाडची गाडी इकडची माणसं तिकडं वाहून नेते. जन्मभर मी त्या गाडीत बसले होते आणि तिच्या पाटीवरचा शब्द मला आज भेटला.

"सब म्हणजे खालून," बाई म्हणाल्या. "मग सपोर्ट?"

"खालून उचलून धरणं."

"आता वाक्य कर. शब्द कपाटात ठेवायला नसतो, वापरायला असतो."

मी विचार करून म्हटलं, "आय सपोर्ट माय मदर-इन-लॉ."

बाईंनी तांदळातला खडा बाजूला टाकला. "तू कुठं आधार देतेस तिला? शेत कोण बघतंय? पोर कोण सांभाळतंय? वाक्य उलटं कर."

मी वाक्य उलटं केलं. तेव्हापासून तो शब्द मी कधी चुकले नाही.

त्या सवयीनं शब्दांची घरंच्या घरं उघडायला लागली. पेशंट म्हणजे सोसणारा. हॉस्पिटलचं माहेर पाहुण्याच्या घरचं, हॉटेलही त्याच घरचं. नर्स आणि न्यूट्रिशन या सख्ख्या, दोघींच्या मुळाशी पोसणं आहे. हे कळलं त्या दिवशी मला भारी वाटलं. आपल्या धंद्याच्या नावातच पोटाला घालणं आहे.

मला सगळ्यात आवडली ती हाडांची आणि स्नायूंची नावं. गुडघ्याच्या हाडाला पॅटेला म्हणतात. लॅटिनात त्याचा अर्थ लहान थाळी, आणि आपण त्याला गुडघ्याची वाटीच म्हणतो. दंड वळवला की जी गाठ उठते तिला आपण बेटकुळी म्हणतो, म्हणजे बेडकी. लॅटिन बोलणाऱ्या त्या जुन्या लोकांना तिथं उंदीर पळाल्यासारखा वाटला, आणि उंदराच्या त्या शब्दापासून मसल झालं. मी हसत सुटले. कुठले ते लोक, कुठले आपण, पण दंड बघून दोघांना सुचलं ते सारखंच.

"पॅटेला आणि आपलं पातेलं एकच का मग, बाई?"

"नाही गो. आडनाव सारखं म्हणून भावकी होते का? विचारल्याशिवाय नातं जोडू नकोस." आणि असंही सांगायच्या, "सगळ्याच लॅटिनच्या घरून आलेल्या नाहीत. ब्लड, बोन, हार्ट या इंग्रजीतल्याच, गावातल्या गावात दिलेल्या. त्यांना माहेर विचारून काही उपयोग नाही. त्या पाठ कर."

वाक्यं करताना माझी फजितीही व्हायची. एकदा श्वासाचं घर निघालं. स्पायर म्हणजे श्वास घेणं, एक्स म्हणजे बाहेर. मी लगेच वाक्य केलं की माझा नवरा शेतात रोज एक्सपायर होतो. मला म्हणायचं होतं की बिचारा काम करून धापा टाकतो.

रत्नाबाईंचं सूप हातातच राहिलं. "रोज मरतो का गो नामदेव?"

"मरतो कशाला?"

"औषधाच्या पाकिटावर एक्सपायरी वाचतेस ना? शेवटचा श्वास बाहेर पडला की एक्सपायर. माहेरी काही अर्थ असो, सासरी तिला काय म्हणून वागवतात तेही बघायला लागतं."

ही गोष्ट मी फोनवर नामदेवना सांगितली. पलीकडून आवाज आला, "मी हाय अजून. भेंडी तोडतोय. ठेव आता."

मी एकदा विचारलं, "बाई, तुम्ही लॅटिन कुठं शिकलात?"

"मला कुठलं लॅटिन येतंय? थोडी मुळं येतात, तेवढीच."

मग त्यांनी सांगितलं. त्या ट्रेनिंगला गेल्या तेव्हा त्यांची गत माझ्यासारखीच होती. शेजारच्या खाटेवर केरळची मेरीकुट्टी. तिला मराठी येत नव्हती, रत्नाबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मेरीकुट्टीचे आजोबा गावच्या चर्चमध्ये जुन्या प्रार्थना म्हणायचे, त्या लॅटिनमध्ये. एकेका शब्दाचा अर्थ ते नातीला समजावून सांगायचे. मेरीकुट्टीनं ते शब्द रत्नाबाईंना दिले. बदल्यात रत्नाबाईंनी तिला 'कुठं दुखतं?', 'घाबरू नका', 'जेवलात का?' असली वॉर्डातली मराठी शिकवली. दोघी पास झाल्या. मेरीकुट्टी पुढं परदेशी गेली, मग पत्रं थांबली. रत्नाबाईंच्या देवघरात गणपती आहे, कुलदेवीचा टाक आहे. नाताळच्या दिवशी त्या समईच्या शेजारी एक मेणबत्ती लावतात. "ती तिकडं लावत असेल," एवढंच म्हणतात.

पावसाळ्यात लावणी आली. मला कॉलेजनं सुट्टी दिली नाही. मी घरी फोन केला की आई म्हणायच्या, "व्हतंय," आणि फोन ठेवायच्या. इकडे आमची सकाळची बैठक चालू होती, पण आता पाट बदलले होते. बाई वाचायच्या आणि मी अर्थ सांगायची. अडले की त्या मदत करत नसत. शांत बसायच्या. ती शांतता मला फार जड जायची, पण तिच्यामुळंच तोंड उघडायला शिकले.

थंडीत परीक्षा झाली. लेखी बरी गेली. तोंडी परीक्षेला बाहेरच्या मॅडम आल्या होत्या. टेबलावर प्लास्टिकचं काळीज ठेवलेलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "डिस्क्राइब. इन इंग्लिश."

पुस्तकातली पाठ केलेली ओळ डोक्यातून गेली ती गेलीच. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांनी पुढचीला हाक मारली असती आणि मी धसईची गाडी धरली असती. मी मनात देवाचं नाव घेतलं. मग वाटलं, ओळ गेली तर जाऊ दे. आपण रोज करतो ते करू, अर्थ सांगू.

मी झडपेवर बोट ठेवलं. वॉल्वचं माहेर मला ठाऊक होतं, दाराची फळी. म्हटलं, "दिस इज वॉल्व, मॅडम. स्मॉल डोअर. ओपन्स वन साइड ओन्ली." मग वरच्या कप्प्यावर बोट नेलं. एट्रियम म्हणजे त्या लोकांच्या घराचा पुढचा सोपा, आपली पडवीच. "ब्लड कम्स हिअर फर्स्ट. लाइक गेस्ट." तिथून दारातून आत, व्हेन्ट्रिकलमध्ये. त्या शब्दाचा अर्थ लहानसं पोट. तिथून बाहेर. माझं इंग्रजी मोडकं होतं. पण रक्त कुठून येतं आणि कुठं जातं ते मला दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते मी सांगत गेले.

मॅडमनी घड्याळाकडे बघणं थांबवलं. "व्हॉट इज रीगर्जिटेशन?"

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "री इज बॅक, मॅडम. समथिंग गोज बॅक. नेक्स्ट पार्ट आय डोन्ट नो."

"इन द हार्ट, व्हॉट विल गो बॅक?"

"ब्लड, मॅडम. इफ डोअर इज नॉट क्लोजिंग."

त्यांनी काही लिहिलं आणि म्हणाल्या, "यू मे गो." चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही.

घरी आले तर रत्नाबाईंनी निकालाचं काही विचारलं नाही. "कुठला शब्द अडला?" एवढंच विचारलं. मी सांगितला. त्या म्हणाल्या, "मलाही त्याचं पुढचं माहेर माहीत नाही. बघू." मग दोघींनी मिळून डिक्शनरीचं ते जुनं बाड उघडलं.

शिमग्याच्या आधी निकाल लागला. मी पास झाले. मार्क काही सांगण्यासारखे नव्हते, पण पास. बाईंनी देवाजवळ साखर ठेवली, ती माझ्या हातावर दिली आणि म्हणाल्या, "आधी घरी जा. फोनवर सांगू नकोस."

मी मुरबाडहून धसईची गाडी धरून गावी गेले. आई शेतात राबाची तयारी करत होत्या. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला आणि शेण पसरून जाळतात, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. त्या पाल्याचा भारा डोक्यावरून उतरवत होत्या. मला बघून कमरेवर हात ठेवला.

"काय झालं गो?"

"पास झाले, आई."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मंग अजून दोन वर्सं तिकडंच."

"हो."

"कवा जातेस?"

"उद्या."

"मंग आज तरी हात लाव."

मी साडी खोचली आणि पाला पसरायला लागले. नामदेव बांधावरून आले. त्यांनी दुसरा भारा माझ्या हाताशी आणून ठेवला. काजलला शाळेतून यायला वेळ होता. ती आली तशी माझ्या पाठीला चिकटली, आणि आई तिला म्हणाल्या, "सोड तिला, काम करू दे. नर्स हाय ती."

दुसऱ्या दिवशी निघताना आईंनी तांदळाची गोणी दारात आणून ठेवली. "त्या बाईला दे. म्हनावं, आमच्याकडं दुसरं काय नाय द्यायला."

संध्याकाळी शहापूरला पोचले. रत्नाबाईंनी गोणी सोडली, ओंजळभर तांदूळ देवापुढं ठेवला आणि मूठभर हातात घेऊन उजेडात बघितला.

"छान आहे. तुझ्या हातच्या लावणीचा ना?"

"नाही, बाई. त्या लावणीला मी इथं होते. नामदेव बाजारात भाजी न्यायचे. मजूर मिळालाच नाही. आईंनी एकटीनं लावलं सगळं. फोनवर नुसतं होतंय म्हणायच्या."

बाई उठल्या, त्याच तांदळाचा भात रांधला आणि दोन ताटं वाढली. मी हात जोडून रोजच्यासारखं देवाचं नाव घेणार होते.

"आज धोंडीबाईंचं घे," त्या म्हणाल्या. "मग जेव."

मी तसंच केलं.